रबरकाटे सर आणि न खोदलेल्या चार चौकटी

रबरकाटे हे सरांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव कॉलेजच्या पाटीवर होतं, पण गोंदियाच्या आमच्या कॉलेजात ते क्वचितच कुणी घेत असे. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पेन्सिलींचा नवा डबा आला की सर खिडकीशी बसायचे, खिशातून कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड काढायचे आणि एकेका पेन्सिलीच्या बुडाचं गुलाबी रबर कापून टाकायचे. शांतपणे, भेंडी चिरावी तसं. पहिल्या वर्षाची मुलं बघत राहायची. कुणी धीर करून विचारलंच, तर म्हणायचे, "चुकलं तं एक रेघ मार अन् बाजूले नवीन लिव. पन काय चुकलं होतं ते दिसलं पायजे."

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून वैताग आणत आला. आज तो हयात नाही आणि वैताग मात्र आहे तसाच आहे.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात मला संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली. आठ आठवडे एका प्राध्यापकांच्या हाताखाली काम करायचं, अहवाल लिहायचा आणि शेवटी नागपूरला सगळ्या कॉलेजांच्या मुलांसमोर तो मांडायचा, अशी ती योजना. मी केशोरीची. बाबा दुसऱ्याचं धानाचं शेत ठेक्याने करतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. शिष्यवृत्तीचं कळल्यावर बाबांनी विहारात सगळ्यांना सांगून टाकलं, की पोरगी शास्त्रज्ञ झाली. मी तेव्हा फुलचूरला दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहत होते. मला जीवरसायनाच्या मॅडमकडे जायचं होतं. त्यांच्याकडे एसी होता, नवा सूक्ष्मदर्शक होता, आणि त्यांच्या मुलांचे पांढऱ्या कोटातले फोटो कॉलेजच्या भिंतीवर लागायचे. पण त्यांच्याकडच्या जागा भरल्या. उरलेल्या दोन मुलांना उरलेले एक सर मिळाले. दुसरा होता रौनक. गोंदियातल्या कापड दुकानदाराचा मुलगा, घरी-दारी हिंदी बोलणारा आणि प्राणिशास्त्राशी तसा काही संबंध न ठेवणारा.

"उन्हाळ्यात बोडी आटते, तवा घोंगे जातेत कुठी?" सरांनी पहिल्या भेटीत विचारलं. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेताकडेचं लहान तळं, आणि घोंगे म्हणजे त्यातल्या मोठ्या गोगलगायी.

"चिखलात," मी म्हटलं. लहान पोरालाही हे ठाऊक असतं.

"किती खोल?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मलेही नाही माहीत," सर म्हणाले. "पाहू मंग."

संपला विषय. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही सौंदडला उतरलो. सर तिथलेच. एरवी ते तिथून गोंदियाला रोज ये-जा करायचे. उन्हाळ्यात कॉलेज बंद, म्हणून आता आम्हीच त्यांच्याकडे जायचं. स्टेशनाबाहेर ते सायकल धरून उभे होते. कॅरिअरवर कुदळ, दोन खुरपी, घरची तांदूळ चाळायची चाळणी आणि विजेच्या पाइपचा केलेला एक मीटरचा चौकोन. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. "तू चप्पल घालून आली काऊन? बोडीत भेगा हायेत. पाय फसल."

मी मनात म्हटलं, काल सांगायला काय झालं होतं?

काम असं होतं. आटलेल्या बोडीत खुंट्या मारून चाळीस जागा ठरवायच्या. प्रत्येक जागेवर तो चौकोन ठेवायचा, त्यातली माती पाच-पाच सेंटिमीटरच्या थरांनी काढायची, चाळायची, घोंगे मोजायचे, वहीत लिहायचे आणि जिवंत घोंगे परत त्याच खोलीवर पुरायचे. एका चौकटीला दोन तास लागत. सकाळी नऊलाच पाठ भाजून निघायची. रौनक तिसऱ्या दिवशी कुदळ टाकून म्हणाला, "सर, ये तो खुदाई है. रिसर्च कहाँ है?"

सर चाळणी हलवत होते. "खोदनं झालं का दिसल," म्हणाले.

त्यांना सरळ उत्तर देणं जमतच नसे. मी एकदा व्हॉट्सॲपवर त्यांना पानभर मेसेज लिहिला: माझ्या मते कडेच्या चौकटींत घोंगे वर सापडतात आणि मधल्या चौकटींत खोल, याचं कारण सावली असावी की ओल, आणि संदर्भासाठी काय वाचावं? दोन तासांनी उत्तर आलं: "किती चौकटींत?" कॉलेजच्या ऑफिसला दर आठवड्याला आमच्या प्रगतीचा कागद लागायचा. इतर प्राध्यापक पानं भरून द्यायचे. आमचे सर दर आठवड्याला एकच वाक्य लिहायचे, "खोदणे चालू आहे," आणि खाली सही. क्लार्क मलाच फोन करून झापायचा. मी सरांना सांगितलं की सर, थोडं वाढवून लिहा ना. ते खरोखर गोंधळले. "पन चालूच हाय ना?"

बोडीच्या पाळीवर एक कौसल्याबाई शेळ्या घेऊन यायची. धिवराच्या घरची, पावसाळ्यात याच बोडीत मासे धरणारी. पहिल्या दिवशी तिने आमचे उद्योग पाहिले आणि तोंडाला पदर लावून हसली. "काय शोधून राहिले जी मास्तर?"

"घोंगे."

"मंग मले इचारा ना!" ती खाली उतरली, हातातली लोखंडी सळई जमिनीत खुपसत चार पावलं चालली, एका ठिकाणी थांबली. "इथं." आम्ही खोदलं. होता. झाकण घट्ट लावून मुठीएवढा घोंगा मातीत झोपला होता. सळई घोंग्याला लागली की वेगळी वाजते, असं तिने सांगितलं. मला वाटलं, सुटलो, आता सळईनेच शोधू. पण सरांनी तिला चाळीसही जागा दाखवून आधी अंदाज विचारला, तो वहीत लिहिला, आणि मग आम्हाला चाळीसही खोदायला लावल्या. कौसल्याबाईच्या अंदाजाचं एक पान वाढलं. आमचं काम तिळभरही कमी झालं नाही.

दुपारी आंब्याखाली डबे उघडायचे. सरांच्या डब्यात रोज भात आणि लाखोरीची डाळ. ते आम्हाला आग्रहाने वाढायचे आणि त्याच वेळी वही मागायचे. डाळीचा हात धोतराला पुसावा तसा पँटला पुसून पानं उलटायचे. कुठे मी पाच लिहून काटून सहा केलेलं असायचं, कुठे रौनकने थराचा क्रमांक चुकवून रेघ मारलेली असायची. ते बघून त्यांना बरं वाटायचं, हे मला तेव्हा विचित्र वाटे. स्वच्छ वही द्यावी म्हणून मी एकदा खोलीवर बसून सगळं नव्या वहीत सुवाच्य उतरवून आणलं. त्यांनी ती नवी वही माझ्या हातात परत दिली. "हे तुह्या बाबाले दाखव. मले मातीवाली दे."

सातव्या आठवड्यात सरांना पेपर तपासायला बोलावलं. सहा चौकटी उरल्या होत्या, सगळ्या पूर्वेच्या टोकाला. "तुमी दोघं करून घ्या. मी परवा येतो," म्हणाले. आम्ही दोन खोदल्या. दुसरीत दगडासारखी माती लागली, रौनकच्या तळहाताला फोड आले, माझं डोकं उन्हाने गरगरायला लागलं. पाणीही संपलं होतं. आंब्याखाली बसलो. रौनक म्हणाला, "चालीस में से चार. किसको पता चलेगा?"

रौनकवर ढकलून मी सुटणार नाही. पेन्सिल माझ्या हातात होती. मागच्या चौकटींत आले होते तसेच आकडे थोडे वरखाली करून मी चार पानं भरली. सात, पाच, सहा, सात. लिहिताना आपण किती हुशारीने लिहितोय असंही मला वाटलं. मग आम्ही लवकरची गाडी पकडून गोंदियाला आलो आणि बाजारात थंडगार लस्सी प्यालो.

परवा सर आले. आंब्याखाली बसून वही उघडली. शेवटच्या चार पानांवर आले आणि थांबले. मागे गेले, परत पुढे आले. ओरडले नाहीत. वर बघून त्यांनी एवढंच विचारलं, "ह्या चार पानांवर एकही आकडा काटला नाही काऊन?"

रौनक काही बोलणार तोच ते उठले आणि पूर्वेच्या टोकाकडे चालायला लागले. खुंट्या तशाच उभ्या होत्या. चारही ठिकाणची जमीन अखंड, भेगांसकट. मी त्यांच्या मागे उभी होते.  "सर," मी म्हटलं, "या चार मी मनाने लिहिल्या."

"बरं," ते म्हणाले. "मंग खोद."

बस. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. रौनकने दोन खोदल्या, मी दोन. सर पाळीवर बसून राहिले. मदतीला आले नाहीत आणि निघूनही गेले नाहीत. पहिल्या चौकटीत एकही घोंगा निघाला नाही. दुसरीत नाही. मला वाटलं आमचंच काही चुकतंय, म्हणून मी ठरल्यापेक्षाही खोल गेले. तिसरीत एक फुटका शंख. चौथीत काही नाही. कौसल्याबाईच्या अंदाजाचं पान काढलं. त्या चारही जागांपुढे तिचं उत्तर सरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "इथं काहीच नाही."

तिला बोलावून विचारलं तेव्हा ती वेड्यांकडे बघावं तशी आमच्याकडे बघायला लागली. "मागच्या साली जेसीबीनं इथलाच गाळ काढून नेला ना. घोंगे गाळासंगच गेले. मंग राहतीन कुठून?"

आठ आठवड्यांत आम्हाला सापडलेली ही एकमेव मोलाची गोष्ट होती. गाळ काढला तिथे घोंगे नाहीत, वर्ष उलटून गेलं तरी परतलेले नाहीत. आणि नेमकी तीच मी माझ्या सात-पाच-सहा-सातखाली गाडून टाकणार होते. मला वाटलं, आता सरांना आनंद होईल आणि मागचं सगळं विसरलं जाईल. त्यांना आनंद झालाच. पण अहवाल लिहायला बसलो तेव्हा त्यांनी पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद घालायला सांगितला: शेवटच्या चार चौकटींचे आकडे प्रथम न खोदता लिहिले होते, विचारणा झाल्यावर विद्यार्थ्यांनी ते मान्य केले, नंतर खोदून खरे आकडे घेतले.

मी हात जोडले. म्हटलं, "सर, आता आकडे खरे आहेत ना? मग हे कायले लिहायचं?"

"झालं तसं लिवाचं."

"सर, माझं नाव जाईल."

"माझंही नाव हाय ना त्याच्यावर," ते म्हणाले, आणि परिच्छेद तसाच ठेवला.

नागपूरला बाबा आले होते. मी नको म्हटलं होतं, तरी पांढरा शर्ट घालून, पहाटेची एसटी पकडून आले आणि सभागृहात शेवटच्या रांगेत बसले. मी बरं बोलले. टाळ्याही पडल्या. मग परीक्षकांपैकी एका गृहस्थांनी अहवालाचं पान उघडलं आणि तो परिच्छेद माईकवर, सावकाश, सगळ्यांसमोर वाचून दाखवला. "म्हणजे तुम्ही आकडे बनवले होते?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. सभागृहात कुणीतरी हसलं. माझी नजर शेवटच्या रांगेकडे गेली. बाबा खाली बघत होते.

बक्षीस जीवरसायनाच्या मॅडमच्या मुलांना मिळालं. सर बाहेर येऊन मला म्हणाले, "चांगलं बोलली." मी न थांबता बाबांकडे गेले. परतीच्या एसटीत बाबा साकोलीपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "खरंच लिवली होती का तू तसं?"

"हो."

"मंग मास्तरनं खरंच लिवलं," असं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. माझी बाजू घ्यायला त्या अख्ख्या बसमध्ये एकही माणूस नव्हता.

तिसरं वर्ष मी सरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून काढलं. ते समोर आले तर मी नमस्कार करायचे, थांबायचे नाही. ते मात्र पूर्वीसारखेच. व्हरांड्यात गाठून विचारायचे, "पावसात बोडी भरली, पाह्यली का?" जणू काही झालंच नव्हतं. याचाही मला राग यायचा.

मग एम.एस्सी.साठी हैदराबादच्या एका संस्थेचा अर्ज आला. त्यात संशोधनाच्या मार्गदर्शकाचं शिफारसपत्र मागितलेलं. मी नाइलाजाने गेले. सरांची सवय होती, पत्र पाकिटात घालण्याआधी ते विद्यार्थ्याला वाचायला द्यायचे. मी वाचलं. मेहनती आहे, लिहिलं होतं. प्रश्न नीट विचारते, लिहिलं होतं. उन्हात काम करते, लिहिलं होतं. आणि त्याखाली: "एकदा चार चौकटींचे आकडे मनाने लिहिले. विचारल्यावर लपवले नाही. परत खोदले."

मी पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं, आभार मानले आणि थेट जीवरसायनाच्या मॅडमकडे गेले. त्यांनी मला वर्गात पाहिलं होतं तेवढंच, पण दहा मिनिटांत असं सुंदर पत्र दिलं की ते वाचून मलाच माझा हेवा वाटला. अर्जासोबत तेच लावलं. सरांचं नाव आणि फोन नंबर फक्त शिष्यवृत्तीच्या रकान्यात भरला, कारण तो भरणं सक्तीचं होतं. मुलाखत झाली आणि माझी निवड झाली. सरांना मी फोनवर सांगितलं. "बरं झालं," म्हणाले. पत्राबद्दल त्यांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही. ते पत्र हैदराबादला माझ्या पेटीत तळाशी पडून राहिलं. फेकवलं नाही.

या फेब्रुवारीत सर गेले. झोपेत गेले. रौनकने फोन करून सांगितलं. तो आता वडिलांच्या दुकानात बसतो.  मग तो म्हणाला, "यार, उन्होंने मेरा भी नाम लिखा था उस रिपोर्ट में. मैंने कभी माफ़ी नहीं माँगी."

माझी सरांशी शेवटची भेट त्याआधीच्या दिवाळीच्या सुट्टीतली. केशोरीहून परत जाताना मी मुद्दाम सौंदडला उतरले. सर निवृत्त झाले होते. वाळले होते, पण चालणं तसंच. चहा व्हायच्या आत मला बोडीवर घेऊन गेले. बोडी काठोकाठ भरलेली, धान पिवळं पडत आलेलं. पश्चिमेकडे बोट दाखवून म्हणाले, "यंदा गाळ काढला, तवा पावभर बोडी सोडली. हात नाही लावला तिथं."

"आपला अहवाल दाखवला ग्रामपंचायतीत?"

"दोन साल दाखवला. कोनी पाह्यला नाही. मंग कौसल्या सभेत उठून बोलली. बाकीच्या बायाही बोलल्या. तवा ऐकलं." त्यांना हसू आलं. "तिचं अंदाजाचं पान मोठं कामी आलं, बापा."

परत येताना मला राहवलं नाही. इतके दिवस छातीवर होतं ते बोलून टाकलं. "सर, तुम्ही दिलेलं पत्र मी पाठवलंच नव्हतं. मॅडमचं पाठवलं."

"माहीत हाय मले."

मी थांबले. "कसं?"

"तुह्या मुलाखतीनंतर तिथल्या बाईचा फोन आला होता ना. अर्जात माहा नंबर होता. इचारलं, पोरगी कशी हाय. मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"पत्रात लिवलं होतं तेच."

"चौकटींचंही?"

"हो मंग. त्यायनं इचारलं, परत खोदल्या का तिनं? मी म्हटलं, खोदल्या, अन् सांगितलं त्याच्याहूनही खोल. मंग त्या म्हनाल्या, ठीक हाय, आमी घेतो तिले."

 दीड वर्ष मी हैदराबादला मान खाली घालून वावरत होते, की आपण एक गोष्ट लपवून इथे आलोय, कधीतरी कुणाला तरी कळेल. आणि तिथल्या मॅडमना ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. ठाऊक असूनच त्यांनी मला घेतलं होतं.

"सर, हे तुम्ही मला सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला. "एक फोन करायचा होता! दीड वर्ष मी..."

सरांना माझा राग खरोखर कळला नाही. "तू इचारली काऊन नाही?" ते म्हणाले. मग स्टेशनाकडे बघून म्हणाले, "चाल, गाडी चुकल."

त्यांनी मला गाडीत बसवलं. खिडकीतून चिवड्याची पुडी दिली, आणि गाडी हलली तेव्हा हात न हलवता नुसतेच उभे राहिले. स्टेशन मागे पडलं आणि मला रडू फुटलं, चारचौघांत, आवाज करून. समोर भाजीची टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी कळवळून पुढे वाकली.

"काऊन रडून राहिली वो माय? कोनी गेलं का?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्या सरांचा राग आलाय."